अनुभव धागा : टाळेबंदीतले दीड हजार कुणाला पोचले, कुणाला नाही?

१३ एप्रिल २०२१, गुढीपाडवा. रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे टीव्हीवर आले आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्यात कोरोनामुळे पुन्हा कडक निर्बंध लागतील असं त्यांनी सांगितलं. त्याच भाषणात ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात परवानाधारक रिक्षावाले, नोंदणी झालेले फेरीवाले, बांधकाम कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायका यांना प्रत्येकी दीड हजार रुपये होते.

कल्याणला स्टेशनजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. मे महिन्याच्या शेवटी रिक्षावाल्यांचे अर्ज सुरू झाले तेव्हा दुकान बंद होतं. लॅपटॉप घरी आणला, जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकलं आणि तोंडाला फडकं बांधून बसले. दोनशेच्या वर अर्ज भरले असतील. अर्ज सोपा होता. गाडीचा नंबर, लायसन, परवाना, आधार नंबर एवढंच. अडायचं ते आधारपाशी. ओटीपी जाणार आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर तर पाच वर्षांपूर्वी बंद पडलेला. एक काका तीनदा आले. तिसऱ्या खेपेला मुलीला घेऊन आले, कारण आधार काढताना नंबर तिचा दिला होता हे त्यांना रात्री झोपेत आठवलं.

दुसरा घोळ खात्याचा. पैसे जाणार आधारला जोडलेल्या खात्यात, आणि आधारला शेवटी कुठलं खातं जोडलंय हे कुणाच्याच लक्षात नसतं. एकाचे दीड हजार गावाकडच्या जुन्या खात्यात गेले. त्या खात्यात शिल्लक कमी पडल्याचा दंड साचला होता. बँकेने आधी तो वळता करून घेतला. त्यांच्या हातात सातशे आणि काही रुपये आले.

एकूण ७ लाख १५ हजार परवानाधारकांसाठी १०७ कोटी मंजूर झाले होते. हा आकडा मी तेव्हा दुकानाच्या काचेवर लिहून लावला होता, कारण येणारा प्रत्येक जण विचारायचा, "ताई, खरंच मिळणार ना?"

ज्यांना महिन्याच्या एक तारखेला पगार होत नाही, अशा सगळ्यांनी इथे लिहावं ही विनंती. काम काय होतं, मदत मिळाली का, कुठला कागद अडला, पैसे आले तर कुठे गेले. बँकेचं, ऑफिसचं, साहेबाचं नाव घालू नका. आपल्याला भांडण नकोय, नोंद हवीय.

रिक्षाचालक, उल्हासनगर

ताई, मला मिळाले. जूनमध्ये मेसेज आला तेव्हा रिक्षा दीड महिना उभीच होती म्हणायची. रस्त्यावर काढायला बंदी नव्हती, पण लोकलमध्ये साध्या माणसाला प्रवेश नाही तर स्टेशनवर उतरणार कोण? शेअरिंगवाल्याचं सगळं गणित लोकलवर असतं. दिवसभर उभं राहून दोन भाडी, त्यातून गॅस सुटायचा नाही, म्हणून घरासमोर लावून टाकली.

उभी रिक्षा फुकट उभी राहत नाही हे बाहेरच्यांना कळत नाही. बॅटरी उतरली. सीटखालची वायर उंदरांनी खाल्ली. हप्ता ६,२०० चा. पहिल्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने हप्ते थांबवायची सवलत दिली होती, ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत. मी घेतली. नंतर कळलं की हप्ता थांबला तरी व्याज चालूच होतं, आणि कर्जाची मुदत पुढे सरकली. दुसऱ्या वर्षी तर तशी सरसकट सवलतही नव्हती.

दीड हजार आले ते बॅटरीत गेले, वर थोडे घातले. लोक म्हणतात दीड हजारात काय होतं. माझी रिक्षा त्या बॅटरीवर चालू झाली. जे झालं ते सांगितलं.

रिक्षाचालक, डोंबिवली

मी १९ वर्षं रिक्षा चालवतो. लायसन आहे, बॅज आहे. परवाना माझ्या नावावर नाही. मालकाची रिक्षा शिफ्टवर घेतो आणि दिवसाला ३५० रुपये त्याला देतो. भाषणात "रिक्षाचालक" ऐकून बायकोला म्हटलं, आपलंही नाव आहे. फॉर्म भरायला गेलो तर पोरगा म्हणाला, काका, परवाना नंबर टाका.

परवानाधारक म्हणजे ज्याच्या नावावर परवाना तो. आमच्या स्टँडवर निम्मे माझ्यासारखे आहेत. उन्हात बसणारे आम्ही, चालान भरणारे आम्ही, आणि सरकारच्या यादीत आम्ही कुठेच नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. पैशापेक्षा जास्त या गोष्टीचं वाटतं की एवढी वर्षं गणवेश घालून रस्त्यावर आहे, तरी सरकारदरबारी माझं काम कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या मालकाबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. त्याला दीड हजार आले, त्यातले साडेसातशे घरी आणून दिले. मी मागितले नव्हते. त्याचाही भाऊ तेव्हा ऑक्सिजनवर होता.

धागाकर्ती

दादा, तुमच्यासारखे माझ्याकडे रोज पाच-सहा जण यायचे. प्रत्येकाला "नाही होणार" सांगताना जीव तुटायचा. एकाने बॅज काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मग हा कशाला दिला?" मला उत्तर देता आलं नाही.

फुलवालीची मुलगी, नाशिक

आई देवळाबाहेर हार-फुलं विकते. देवळं मार्च २०२० ला बंद झाली ती दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद, ती थेट घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला उघडली. बाकीचे धंदे मधेमधे सुरू झाले. देव कुलपात तर आमचं दुकानही कुलपात.

केंद्राची स्वनिधी योजना २०२० च्या जूनमध्ये आली. पथविक्रेत्यांना १० हजारांचं कर्ज, तारण नाही, वर्षभरात फेडायचं, वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के सूट. आईकडे पालिकेचं ओळखपत्र नव्हतं, कारण सर्वेक्षण झालं तेव्हा ती माझ्या बाळंतपणासाठी माझ्या सासरी होती. मग शिफारसपत्र मिळवावं लागलं. त्यासाठी आजूबाजूच्या दुकानदारांनी सह्या दिल्या. समोरच्या पेढेवाल्याने तर आईचा आणि दुकानाचा जुना फोटो शोधून दिला, त्यात कोपऱ्यात आईची टोपली दिसते. तो फोटो लावला.

कर्ज मिळालं. पण नीट बघा, ते कर्ज होतं. देऊळ बंद असताना फुलांसाठी कर्ज घेऊन करायचं काय? आईने त्यातून भाजी आणून दारोदार विकली. आयुष्यात पहिल्यांदा "भाजीऽऽ" अशी हाक मारायची म्हणून पहिल्या दिवशी तिच्या तोंडून आवाजच फुटेना. मी बरोबर होते, मी ओरडले.

त्या कर्जाचा एक उपयोग झाला. त्याच्यामुळे पालिकेच्या यादीत नाव चढलं आणि पुढच्या वर्षी राज्याचे दीड हजार तिच्या खात्यात आले. शेजारी बसणाऱ्या मावशींनी कर्ज नको म्हणून अर्ज केला नव्हता. त्यांना काहीच आलं नाही. दोघींच्या टोपल्या एकाच पायरीवर असतात.

सलूनवाला, सांगली जिल्हा

आमचं नाव कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हतं. २२ मार्च २०२० पासून दुकान बंद. २८ जूनला फक्त केस कापायची परवानगी मिळाली, दाढी नाही. खेड्यातल्या सलूनला निम्मं उत्पन्न दाढीचं असतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसून विनवायचं, "दादा, जरा मिशी तरी नीट करा," आणि मी नाही म्हणायचो. दंडाची भीती होती आणि घरात म्हातारी आई होती. प्रत्येकाला नवा टॉवेल, नवं कापड, खुर्ची पुसायची. खर्च वाढला, दर वाढवला तर लोक नाराज. एप्रिल २०२१ ला परत शटर खाली.

गाळ्याचं भाडं मात्र दर महिन्याला. मालक चांगला, तीन महिन्यांचं निम्मं घेतलं. सरकारकडून रेशनचे तांदूळ-गहू मिळाले, ते खरोखर मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. रोख एक रुपया नाही. मला एवढंच म्हणायचंय की आमचं दुकान सरकारी आदेशाने बंद झालं होतं, आमच्या आळसाने नाही. बंद करा म्हणणाऱ्याने भाड्याचा तरी विचार करायला हवा होता.

घरकाम करणाऱ्या बाईंचा मुलगा, पुणे

आईचं घरेलू कामगार मंडळाचं कार्ड २०१३ चं. नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं हे आम्हाला २०२१ ला कळलं. कार्ड आहे, फोटो आहे, शिक्का आहे, मुदत नाही. मदत नाही मिळाली. चार घरांपैकी दोन घरांनी न येताही पूर्ण पगार दिला. त्यातल्या एक आजी दुसऱ्या लाटेत गेल्या. आई अजून त्यांच्या तिथीला त्यांच्या दारात फूल ठेवून येते.

लग्नाचे फोटोग्राफर, लातूर

२२ एप्रिल २०२१ पासून लग्नाला २५ माणसं आणि दोन तास. पंचविसात फोटोग्राफर कोण मोजणार? पोरीचा मामा वगळायचा का मला? सगळ्या ऑर्डरी गेल्या, घेतलेले ॲडव्हान्स परत केले. सरकारी मदतीच्या कुठल्याच रकान्यात आम्ही बसत नाही. कॅमेऱ्याची एक लेन्स विकली. अजून घेतली नाही.

ड्रायव्हिंग शिकवणारा, स्लाव (इंग्लंड)

मूळचा साताऱ्याचा. इथे स्वतःची गाडी घेऊन ड्रायव्हिंग शिकवतो. इथला अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. २६ मार्च २०२० ला तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी स्वयंरोजगारवाल्यांसाठी योजना जाहीर केली. मागच्या तीन वर्षांच्या कराच्या विवरणपत्रांवरून महिन्याचा सरासरी नफा काढायचा आणि त्याच्या ८० टक्के, तीन महिन्यांचे एकदम, जास्तीत जास्त साडेसात हजार पौंड. अर्ज १३ मेपासून. करखात्याकडे आमचे आकडे आधीच होते, त्यांनीच हिशोब करून स्क्रीनवर रक्कम दाखवली. मी फक्त होय म्हटलं. आठवड्याच्या आत पैसे खात्यात. हे अनुदान होतं, परतफेड नाही, पुढे त्यावर कर मात्र भरला. शिकवण्या ४ जुलैला सुरू झाल्या, तोवर घर त्याच्यावर चाललं. असे एकूण पाच हप्ते निघाले, शेवटचा २०२१ च्या उन्हाळ्यात.

आता दुसरी बाजू. बायकोने २०१९ च्या उन्हाळ्यात मेंदी आणि ब्युटीचं काम सुरू केलं. तिचं २०१८-१९ चं विवरणपत्र नव्हतं, असणारच नव्हतं. म्हणून पहिल्या तिन्ही वेळा ती अपात्र. चौथ्या वेळी, एप्रिल २०२१ ला, २०१९-२० चं विवरणपत्र धरलं तेव्हा तिला मिळालं. एका घरात, एका टेबलावर, मी होय दाबलं आणि ती वर्षभर "अपात्र" वाचत राहिली. त्या काळात ती आरशासमोर स्वतःच्याच हातावर मेंदी काढत बसायची. हात बसलेला राहावा म्हणून, असं म्हणायची.

दीड हजार रुपये वाचून मला लाज वाटत नाही, कारण दोन्ही देशांचं उत्पन्न वेगळं आहे. पण एक गोष्ट तिकडे करता येईल असं मनापासून वाटतं. माणूस किती कमावतो याची नोंद आधी असेल, तर संकटात त्याला फॉर्म घेऊन जिन्यात उभं राहावं लागत नाही.

धागाकर्ती

पटतं. पण आमच्या जिन्यात उभा असलेला माणूस विवरणपत्र भरण्याइतकं कमावतच नाही. त्याची नोंद कुठे करायची, हा खरा प्रश्न आहे. रिक्षाचा बॅज, पालिकेचं ओळखपत्र, मंडळाचं कार्ड असे तुकडे तुकडे आहेत, आणि सलूनवाल्या दादांकडे तर तोही तुकडा नाही.

ढोलकीवादक, जुन्नर तालुका

ताईंनी पाडव्यापासून सुरुवात केली म्हणून लिहायचं धाडस करतो. आम्हा तमाशावाल्यांचं वर्ष पाडव्यावर असतं. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, यात्रेची सुपारी ठरते. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. राहुट्यांमध्ये एकही पंच आला नाही. चैत्र-वैशाखाच्या सगळ्या यात्रा गेल्या, म्हणजे आमची वर्षाची कमाई गेली.

आमच्यात उचल असते. हंगामाच्या आधी फडमालकाकडून पैसे उचलायचे आणि नाचून-वाजवून फेडायचे. मालक स्वतः सावकाराकडून आणतो. मी ४० हजार उचलले होते. वाजवायलाच मिळालं नाही तर फेडू कशातून? कांदे काढणीला गेलो, दुसऱ्यांच्या बांधावर. बोटं इतकी जाड झाली की संध्याकाळी ढोलकीला हात लावला तर शाईवर, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या लेपावर, बोल उमटेना.

दुसरा पाडवा तो भाषणाचा. रिक्षा ऐकली, फेरीवाले ऐकले, आमचं नाव ऐकू आलं नाही. कलावंतांसाठी ५ हजारांची मदत नंतर मंजूर झाली, राज्यातल्या ५६ हजार कलाकारांना. पुरावे मागितले. आमच्याकडे कुठले पुरावे? सुपारी तोंडी ठरते. शेवटी एका यात्रेची जुनी जाहिरात सापडली, त्यात खाली बारीक अक्षरात "ढोलकीसम्राट" म्हणून माझं नाव छापलेलं. ती लावली. पैसे आले. चार हजार मालकाला उचलीत दिले. तो घेत नव्हता, मी बळेच दिले, त्याच्यावरही व्याज चढत होतं. हजारात ढोलकीची पुडी, म्हणजे कातडं, बदलली, नवी शाई भरून घेतली.

तिसरा पाडवा २ एप्रिल २०२२. त्या दिवसापासून राज्यातले सगळे निर्बंध उठले. नारायणगावात सकाळी राहुट्या लागल्या. पहिला पंच खेड तालुक्यातला होता, त्याने आत येऊन चप्पल काढली आणि विचारलं, "फडात कोण कोण राहिलंय?" मालकाने एकेक नाव सांगितलं. दोन नावांशी थांबला. मग मला म्हणाला, वाजव. मी मांडी घालून बसलो आणि वाजवलं.