आई गेल्यानंतर वडिलांच्या प्रकृतीची भीती कितपत खरी?

उत्तरायण:
सहा आठवड्यांपूर्वी माझी आई गेली. वडील ७३ वर्षांचे असून रक्तदाबाखेरीज त्यांना दुसरा आजार नाही. भेटायला आलेल्या दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की इतक्या वर्षांच्या जोडीतले मागे राहिलेले माणूस फार दिवस काढत नाही, तेव्हा लक्ष ठेवा. हे नुसते बोलणे आहे की त्यामागे काही अभ्यास आहे? आणि लक्ष ठेवायचे ते नेमके कशावर?

नोंदवही:
आपल्या आईंविषयी वाचून वाईट वाटले. अभ्यास आहे, आणि जुना आहे. ब्रिटनमध्ये ५५ वर्षे व त्यावरील ४,४८६ विधुरांचा नऊ वर्षे मागोवा घेऊन १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांपैकी २१३ जण दगावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होते आणि सर्वांत मोठी वाढ हृदयविकाराच्या मृत्यूंत होती. मात्र याच आकड्यांनुसार ४,२७३ जण सहा महिन्यांनंतर हयात होते. सांत्वनाला येणारी मंडळी हा भाग सांगत नाहीत.

शंकेखोर:
एक आक्षेप नोंदवतो. पती-पत्नींचे घर, जेवण, उत्पन्न आणि पुष्कळदा तंबाखूचा धूरही एकच असतो, त्यामुळे दोघांचे आजार एकमेकांच्या आगेमागे येण्यात नवल नाही आणि सारा दोष शोकाच्या माथी मारता येत नाही. तरीही २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाने मला विचारात पाडले. साठ ते एकोणनव्वद वयाच्या ज्यांचा जोडीदार नुकताच वारला होता, त्यांच्यात पहिल्या ३० दिवसांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याचे प्रमाण ०.१६ टक्के, तर इतरांत ०.०८ टक्के आढळले. सवयींचा परिणाम असा एका महिन्यात उसळत नाही. धोका दुप्पट झाला हे खरे, पण दुप्पट होऊनही तो हजारात दोघांपेक्षा कमीच राहिला.

मागे राहिलेली:
मी स्वतः या वाटेने गेले आहे, म्हणून लिहिते. माझ्या औषधांच्या वेळा यजमान सांभाळत असत. ते गेल्यावर माझ्या गोळ्या कितीतरी दिवस चुकल्या आणि ते माझ्या लक्षातही आले नाही, कारण झोप, भूक, वार या कशाचेच भान नव्हते. वडिलांच्या गोळ्या आजवर कोण काढून देत होते, हे आधी पाहा. रक्तदाब मोजून घ्या. दुसरे असे, की त्यांच्या छातीत दुखले तर ‘दुःखाने होते’ म्हणून थांबू नका. तीव्र मानसिक आघाताने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा ताकोत्सुबो नावाचा विकार खरोखर असतो; जपानमध्ये १९९० साली त्याचे वर्णन झाले, तो प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत आढळतो आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात. परंतु तो आहे की खरा झटका, हे तपासण्यांशिवाय डॉक्टरांनाही ठरवता येत नाही. त्यामुळे तातडीने रुग्णालय गाठावे.

उत्तरायण:
सर्वांचे आभार. गोळ्या आईच काढून देत असे. आत्ता डबी उघडून पाहिली, तर एका पाकिटातल्या दोनच गोळ्या संपल्या आहेत. उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेत आहे.