पावसाळ्यात ‘बहार’ कसा?

परवा काटोलला मामांकडे गेलो होतो. संत्र्याच्या बगीच्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच मामा म्हणाले, “यंदा आंबिया गळला बावा, आता मृगावरच भरोसा.” आंबिया आणि मृग हे संत्र्याचे बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम. पण फारसीत बहार म्हणजे वसंत ना? मग जून-जुलैत फुटणारा मृग बहार म्हणजे पावसाळ्यातला वसंत! आपण शब्द बिघडवला का?

— नाही हो. बहार मूळचा वसंतच, आणि आपल्या ‘वसंत’चा चुलतभाऊही. इराणीत ‘स’चा ‘ह’ होतो (सप्त–हफ्त, सिंधू–हिंदू). त्याच वाटेने मध्य फारसीत ‘वहार’ झाला, पुढे ‘बहार’. पण फारसीत तो ऋतूपुरता थांबला नाही. शिराझकडे कडू नारंगीच्या फुलाला ‘बहार-नारंज’ म्हणतात. ती पांढरी फुलं वाळवून चहात टाकतात, मुरंबाही करतात. म्हणजे संत्र्याच्या भाऊबंदांच्या फुलोऱ्याला बहार म्हणणं खुद्द इराणातलंच. काटोल-नरखेडची माणसं काही वावगं बोलत नाहीत.

ऋतूचं म्हणाल तर तुर्कांनी कहर केलाय. त्यांचा वसंत ‘इल्कबहार’, म्हणजे पहिला बहार, आणि शरद ‘सोनबहार’, म्हणजे शेवटचा! बंगालीत ऋतू बाजूला पडला, ‘बाहार’ म्हणजे नुसती शोभा, थाटमाट. उर्दू-हिंदीत वसंतही आहे, मजाही.

मराठीत मला गंमत वाटते ती लिंगाची. मैफलीत बहार ‘आली’, पण बगीच्यात आंबिया बहार ‘फुटला’. मजा स्त्रीलिंगी, फुलोरा पुल्लिंगी. डाळिंबवाल्यांचा हस्त बहारही तसाच. नक्षत्र पुढे लावलं की ऋतू नक्षत्राने सांगितला, बहाराकडे फक्त फुलण्याचं काम उरलं. आंबिया तेवढा नक्षत्राचा नाही, आंब्याच्या मोहोराच्या दिवसांतला, जानेवारी-फेब्रुवारीचा. त्यासाठी आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणून शेतकरी बहार ‘धरतो’ म्हणतात. आपोआप येणाऱ्या वसंताला कोण धरणार?

— आणि ‘बहर’?

— तोच, ‘हा’ आखूड करून. वर आपण त्याचं क्रियापदही केलं. मोगरा बहरतो तो त्यातूनच.

— मामांना फोनवर बहार-नारंज सांगितलं. म्हणाले, “फुलं चहात टाकतेत? मंग फळं काय आभायातून येतीन?”