शब्दचर्चा : आघाडी मोठी असताना 'इंटेन्सिटी'

विचारणा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर मराठीत लिहितो आहे. वीस-बावीस गुणांची आघाडी झाली की तिकडचे कोच एकच घोकतात : इंटेन्सिटी कमी होऊ देऊ नका. 'तीव्रता' लिहिलं की भूकंपाची बातमी वाटते. 'स्पर्धात्मक तीव्रता' तर थेट शासकीय परिपत्रक. चालणारा शब्द सुचवा. आणि ती गेली की जे होतं, त्यालाही.

आडवाट

'चुरस' तेवढा लिहू नका. चुरस दोघांत असते. वीस गुणांनी पुढे असलेल्या संघाने चुरस टिकवायची म्हणजे समोरच्याला वर येऊ द्यायचं! एका संघापुरतं बोलायचं तर 'ईर्षा'. 'ईर्षेने खेळले' हे आपल्याकडे कौतुक असतं. हिंदीवाल्यांचा नुसता मत्सर नव्हे.

जुना_वाचक

ईर्षेला समोर तोडीस तोड कुणीतरी लागतं. बावीस गुणांनी मागे पडलेल्याशी कसली ईर्षा? माझं मत 'नेट'. नेटाने खेळणे, नेट न सोडणे. यात समोर कोण आहे, किती मागे आहे, याचा संबंधच नाही.

अडचण एकच : तिथे 'नेट' आणखी दोन आहेत. एक बास्केटची जाळी. दुसरं एनसीएएचं (तिथल्या कॉलेज खेळांची संघटना) 'नेट' नावाचं रँकिंग. मार्चमधल्या स्पर्धेसाठी संघ निवडताना 2018-19 पासून ते वापरतात. गंमत अशी की सुरुवातीला त्यात विजयाचं अंतर दहा गुणांपर्यंतच धरत. 2020 मध्ये ती मर्यादा काढली आणि दर पझेशनमागे (चेंडू एकदा ताब्यात आला की ती एक खेळी) किती कमावले, किती दिले, हा हिशेब ठेवला. म्हणजे वीस गुणांनी पुढे असतानाही पुढचं प्रत्येक पझेशन मोजलं जातं. नेट सोडला की 'नेट' घसरतं, असं तुम्हाला लिहिता येईल. मी लिहिणार नाही.

कोपऱ्यातला

उलट बाजूच्या शब्दाबद्दल बोलतो, कारण तिथे सगळे 'गाफील राहिले' लिहून मोकळे होतात. गाफील म्हणजे धोका आहे हेच ध्यानात नाही. हातची मॅच जाते तेव्हा बऱ्याचदा उलटं असतं. धोका नको तेवढा ध्यानात असतो.

मार्च 2018, नॅशव्हिल, सिनसिनाटी विरुद्ध नेवाडा. साडेअकरा मिनिटं बाकी आणि सिनसिनाटी 65-43 ने पुढे. सामना संपला तेव्हा नेवाडा 75, सिनसिनाटी 73. वजाबाकी करा : तेवढ्या वेळात 32 विरुद्ध 8. साडेअकरा मिनिटांत आठ गुण! एवढं सगळं एका 'गाफील'मध्ये मावत नाही.

आघाडीवरचे संघ कसे खेळायला लागतात ते पाहा. शॉट क्लॉक 30 सेकंदांचा, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट घ्यायलाच हवा. त्यातले वीस सेकंद चेंडू नुसता बाहेर फिरवायचा, मग घाईघाईत कसाबसा शॉट. आत घुसणं बंद, म्हणून फाउल मिळत नाहीत, म्हणून फ्री थ्रोही नाहीत. बचाव मागे सरकतो आणि समोरच्यांना तीन गुणांचे शॉट मोकळे मिळतात. याला आपल्याकडे चोख शब्द आहे : 'हात आखडणे'. गाफीलपणा आपसूक येतो, हात आखडणं ही निवड असते, पुष्कळदा कोचचीच. तिसरा टप्पा 'अवसान गळणे'. आघाडी चारवर आली की तो दिसतो. तीन टप्पे, तीन शब्द. कृपया एका 'ढिलाई'त कोंबू नका.

मैदानकर

कोपऱ्यातलेसाहेब, पटलं, पण आखडणं नेहमी भित्रेपणाचंच असतं असं नाही. शॉट क्लॉक नव्हता तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ चार खेळाडू चार कोपऱ्यांत उभे करून चेंडू खेळवत ठेवायचे. 1982 ची एसीसी (तिथली कॉलेज संघांची एक लीग) फायनल त्यांनी व्हर्जिनियाविरुद्ध 47-45 अशी जिंकली. पुरुषांच्या खेळात 1985-86 ला 45 सेकंदांचा क्लॉक आला, पुढे 35, आणि 2015-16 पासून 30. ती सोयच गेली.

कबड्डीवाल्यांना हे चटकन कळेल. पुढे असलेला संघ पाय टाकून परत येतो, तीस सेकंद काढतो. म्हणून प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचा, नाहीतर बाद. त्या खेळाला आपण 'वेळकाढू' म्हणतो. बास्केटबॉललाही तोच लावा, नवा घडवायला नको.

विचारणा करणारा

छान. नेट, हात आखडणे, अवसान गळणे, वेळकाढू : चारही घेतो. 'गार्बेज टाइम'ला (निकाल ठरून गेल्यावर उरलेला वेळ) मात्र काहीच सुचत नाही. 'कचरा वेळ' लिहिणार नाही.

आडवाट

आपले क्रीडा पत्रकार लिहितात ना, 'विजयाची केवळ औपचारिकता उरली होती'. तेच.

कोपऱ्यातला

चालेल, पण जपून. बेसबॉलचा आकडेपंडित बिल जेम्स याने 2008 मध्ये कॉलेज बास्केटबॉलसाठी एक सूत्र दिलं. आघाडीतून 3 वजा करा. चेंडू आपल्याकडे असेल तर अर्धा मिळवा, नसेल तर अर्धा घटवा. उरलेल्याचा वर्ग उरलेल्या सेकंदांपेक्षा मोठा, तर आघाडी सुरक्षित. सिनसिनाटीला 19.5 चा वर्ग धरला तरी 380, आणि सेकंद जवळजवळ 700. म्हणजे 22 गुणही पुरेसे नव्हतेच. सूत्र इथे बरोबर.

आता मार्च 2016, नॉर्दर्न आयोवा विरुद्ध टेक्सस ए अँड एम. 44 सेकंद बाकी, नॉर्दर्न आयोवा 69-57 ने पुढे. कसंही मोजा, वर्ग 72 च्या खाली येत नाही. औपचारिकताच. पण चेंडू रेषेबाहेरून आत टाकताना तो पुनःपुन्हा गमावला, 71-71 झाले, आणि दोन ओव्हरटाइमनंतर टेक्सस ए अँड एम 92-88 ने जिंकलं.

जुना_वाचक

या शेवटच्याला हात आखडणे म्हणणार की अवसान गळणे?

कोपऱ्यातला

अवसान. हात आखडायला चेंडू हातात असावा लागतो.