ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व अन् गावाकडची कागदं: दाखल्यावर नाव नाही, तारीख दोन

तेरणाकाठ:
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण सहा वर्षांपासून ब्रिस्बेनला आहे, पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) होऊन दोन वर्षं झाली. आता नागरिकत्वाचा अर्ज भरायचा आहे, इकडची कागदं मी जमवतोय. जन्म १९८७ चा, उमरगा तालुक्यातला, घरीच झालेला. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर आई-वडिलांची नावं आहेत, बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे. तारीख १४ नोव्हेंबर. टीसी, दहावीचं सर्टिफिकेट अन् पासपोर्टवर मात्र १ जून १९८७. लग्नात पहिलं नावही बदललं, पासपोर्ट अन् पीआर सासरच्या नावानं. पासपोर्टवर जिल्हा उस्मानाबाद, नव्या दाखल्यावर धाराशिव. एजंट म्हणतो, १ जूनचा नवा दाखला काढून त्यावर अपोस्टील (परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून देतो. द्यावं का त्याच्याकडं?

गोदातीर:
अजिबात देऊ नका. तुमच्या बहिणीची जन्मनोंद आधीच झालेली आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चं कलम १३(३) उशिराच्या नोंदीसाठी आहे, म्हणजे ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर असा आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. एकाच जन्माची दुसरी नोंद वेगळ्या तारखेनं करणं म्हणजे खोटी माहिती देणं, त्याला त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये शिक्षा आहे. अन् तिकडं ऑस्ट्रेलियन सिटिझनशिप ॲक्ट २००७ च्या कलम २४(३) नुसार ओळखीबद्दल खात्री पटल्याशिवाय अर्ज मंजूर करताच येत नाही. बनवलेला दाखला उघडा पडला तर नुसता अर्ज फेटाळला जात नाही, खोट्या कागदाचा ठपका पीआरपर्यंत जातो.

अपोस्टीलचा खर्चही वाचवा. ऑस्ट्रेलियाचं गृहखातं नागरिकत्वाच्या अर्जाला ते मागत नाही.

आता करायचं काय? आहे त्याच नोंदीचा नवा दाखला ग्रामपंचायतीतून घ्या, नमुना ५ वर, दोन प्रती. छापील नमुना मराठी-इंग्रजी असतो, पण भरताना माहिती नुसती मराठीत भरली जाते अन् इथंच बरेच अडकतात. इंग्रजी रकाने भरूनच दाखला हातात घ्या, आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आहे तसंच. मराठीतच मिळाला तर भाषांतर लागेल. ते इथल्या नोटरीकडून करू नका, तिकडच्या नाटी (भाषांतरकारांना प्रमाणपत्र देणारी संस्था) प्रमाणित भाषांतरकाराकडून बहिणीनं करून घ्यावं.

कोऱ्या नावाचं म्हणाल तर, कलम १४ खाली नाव १५ वर्षांपर्यंत लावता येतं. पुढं फक्त शासनानं मुदतवाढ दिलेली असेल तेव्हा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आधी तेच विचारा. मुदत चालू असेल तर माहेरचं नाव लावा, सासरचं नाही. जन्मनोंदीत सासरचं नाव कुठून आलं, या एका प्रश्नावर सगळी फाईल संशयात जाते. मुदत नसेल तर कोरा दाखला तसाच जोडा. सोबत शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल), रजिस्टर क्रमांक, मुख्याध्यापकांची सही अन् शिक्क्यासह.

१ जूनचं कारण मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, तिकडच्या अधिकाऱ्याला सांगावं लागतं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, दाखला कोणी आणायचं नाही, गुरुजी प्रवेशाच्या वयात बसेल अशी तारीख लिहायचे अन् तीच दहावीच्या सर्टिफिकेटवर जाऊन पक्की व्हायची. हे चार-पाच सरळ ओळींत लिहायचं. अर्जात तारीख पासपोर्ट अन् व्हिसावर आहे तीच, आणि १४ नोव्हेंबरची नोंद न लपवता खुलाशाचं स्वतंत्र पान. बहिणीनं ते तिथं स्टॅट्युटरी डिक्लेरेशन (तिकडचं कायदेशीर लेखी निवेदन) म्हणून सही करावं, आईचं नोटरीसमोरचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र सोबत जोडावं.

बालाघाट४१३:
गोदातीर दादांनी तारखेचं सांगितलं. नावाचं मी सांगतो, कारण यात जास्त गाड्या अडतात.

माहेरच्या नावापासून पासपोर्टच्या नावापर्यंत कागदांची सलग साखळी लागते. आडनाव बदलाला लग्नाचा दाखला पुरतो. १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालचा नमुना ई असेल तर त्यावर तिचं लग्नाआधीचं नाव असतं. पण पहिलं नावही बदललंय, तिथं हा दाखला तोकडा पडतो. तिनं लग्नानंतर पासपोर्ट काढला तेव्हा राजपत्र किंवा नवरा-बायकोचं संयुक्त प्रतिज्ञापत्र दिलेलं असणार. जावईबापूंच्या फाईलमध्ये त्याची झेरॉक्स शोधा, बहुतेक वेळा सापडते. नाहीच सापडली तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल छापून घ्या. जुनं नाव टीसीप्रमाणं, नवं पासपोर्टप्रमाणं, एकेक इंग्रजी अक्षर जुळवून. एक अक्षर चुकलं तर शुद्धिपत्र काढावं लागतं अन् पुन्हा वाट बघणं आलं. अर्जात 'इतर नावं' विचारतात तिथं माहेरचं पूर्ण नाव लिहायलाच हवं, वडिलांच्या नावासकट.

उस्मानाबाद-धाराशिवची काळजी नको. पासपोर्टवर आहे ते लिहा, पासपोर्ट बदलायला धावू नका. सप्टेंबर २०२३ च्या नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत अन् एक ओळ खुलासा पुरे. छत्रपती संभाजीनगरवाल्यांनीही हेच करावं, अन् त्यांनी राज्याचं नाव आवर्जून लिहावं, औरंगाबाद बिहारातही आहे. जुन्या लोकांना हा घोळ दुसऱ्या तऱ्हेनं येतो: जालना १९८१ ला वेगळा जिल्हा झाला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला. त्याआधी जन्मलेल्याच्या दाखल्यावर औरंगाबाद, उस्मानाबाद, परभणी असतं, पासपोर्टवर नवा जिल्हा. दोन्ही खरंच असतं, फक्त लिहून सांगावं लागतं.

तेरणाकाठ:
लई उपकार झाले. एजंटाला नाही सांगून टाकलं. आता तिकडच्या बाजूनं तिनं काय तयार ठेवावं? अन् इथून मूळ कागद पाठवायचे की स्कॅन चालतील?

मांजरापार:
अर्ज इमीअकाउंटमधून (गृहखात्याच्या वेबसाईटवरचं खातं) ऑनलाईन, म्हणून भरताना मूळ कागदाचे रंगीत स्कॅन चालतात. एका फाईलला ५ एमबीची मर्यादा आहे, मोबाईलवर काढलेले तिरके फोटो नकोत. मूळ कागद मात्र मुलाखतीला अन् चाचणीला दाखवावे लागतात, म्हणून आधीच पाठवून ठेवा. एक प्रत घरी राहू द्या.

मुक्कामाचा हिशोब आधी. अर्जाच्या लगेच आधीची चार वर्षं कायदेशीर वास्तव्य, त्यातलं शेवटचं एक वर्ष पीआरवर. चार वर्षांत एकूण १२ महिन्यांपेक्षा जास्त अन् शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर नको. लग्नकार्य, आजारपण, दिवाळी असं करत गावाकडचे मुक्काम इथं नडतात. विमानतळावरच्या स्मार्टगेट यंत्रांमुळं पासपोर्टवर शिक्के नसतात, त्यामुळं तारखा आठवून लिहू नका. फॉर्म १३५९ भरून खात्याकडूनच ये-जाची नोंद मागवायची.

फॉर्म ११९५ हा ओळखीचा जाहीरनामा. त्यावर सही करणारा ऑस्ट्रेलियन नागरिक हवा, यादीतल्या व्यवसायातला, तिला किमान एक वर्ष ओळखणारा, नात्यातला नाही. त्यानंच पासपोर्ट साईज फोटोच्या मागं 'हा अमुकचा खरा फोटो आहे' असं इंग्रजीत लिहून सही करायची. इथं लोक मराठी मंडळातल्या कोणाचीही सही घेतात, पुढं कळतं की तो अजून पीआरच आहे.

ओळखीच्या कागदांतून मिळून फोटो, सही, सध्याचा पत्ता, जन्मनाव, जन्मतारीख अन् लिंग एवढं दिसलं पाहिजे. पासपोर्ट, तिकडचं लायसन्स अन् जन्मदाखला या तिघांत ते बसतं. तिच्या बाबतीत जन्मनाव दाखल्यावर नाही, म्हणून निर्गम उतारा चौथा.

भारतातलं पोलीस क्लिअरन्स सरसकट लागत नाही. पीआर मिळाल्यापासून एकूण १२ महिने किंवा जास्त बाहेर राहिली असेल अन् त्यात एका देशात ९० दिवस किंवा जास्त, तरच त्या देशाचं. लागलंच तर तिथूनच भारतीय दूतावासामार्फत अर्ज होतो.

मुलगा असेल अन् १५ किंवा कमी वयाचा असेल तर तिच्याच अर्जात बसतो. त्याच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव माहेरचं आहे की सासरचं, ते आत्ताच बघा.

गोदातीर:
एक राहिलं, शेतीचं. शपथ घेतली त्या क्षणी आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो सरेंडर करून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढायचं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंही नाही. वारसानं मात्र येते, अन् आधीची राहते. म्हणून वडिलांच्या जागी वारस लागायचे असतील तर तिचं नाव टीसीवरचं की पासपोर्टवरचं, हे फेरफाराच्या आधी ठरवा अन् सातबाऱ्यावर दोन्ही 'उर्फ' लावून घ्या. तलाठ्याकडं जाताना लग्नाचा दाखला अन् राजपत्राची प्रत सोबत न्या.