नंबर पुसलेला १९२७ चा वाटपाचा दावा (अमळनेर) कसा शोधावा?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका गावाचा आणि तिथल्या पाटील घराण्याचा इतिहास लिहायचे काम चालू आहे. १९२९ च्या फेरफारात नोंद सापडली: "कोर्ट हुकूमनाम्यावरून वाटप" (हुकूमनामा म्हणजे डिक्री). दाव्याचा नंबर मात्र वाचता येत नाही. "रे.मु.नं." (रेग्युलर मुकदमा नंबर) आणि शेवटी "/२७" एवढेच उरले आहे, मधली शाई उडाली आहे. ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या संकेतस्थळावर) नाव टाकून काहीच येत नाही. नंबर नसताना दावा कसा शोधायचा? आणि फाईल नष्ट झाली असेल तर हातात काय उरते?

जुने_दप्तर
भाऊ, ई-कोर्ट्स बाजूला ठेवा. तिथे संगणकीकरणानंतरची प्रकरणे असतात, १९२७ चे काही मिळणार नाही.

नंबरासाठी मुकदमा रजिस्टर बघावे लागते. दर साली प्रत्येक कोर्टात दिवाणी दाव्यांचे एक रजिस्टर असे. एका ओळीत दाखल तारीख, नंबर, वादी-प्रतिवादींची नावे व राहण्याचे गाव, मागणी काय, रक्कम किती, निकाल कधी व कोणाच्या बाजूने, अपील झाले का, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) झाली का, एवढे सगळे असते. म्हणजे फाईल नष्ट झाली तरी या एका ओळीवरून घराण्याचे बरेच कळते. लोक फाईलच मागतात, ती नाही म्हटले की परत फिरतात. अर्जात स्पष्ट लिहा: "सन १९२७ चे रेग्युलर दिवाणी दाव्यांचे रजिस्टर पाहण्याची परवानगी मिळावी", गावाचे नाव व इतिहास-संशोधन हे कारण. निकाली प्रकरणे तालुक्याच्या कोर्टातून जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूमला जातात, म्हणून दोन्हीकडे विचारा. १९०६ ला खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याआधीचे अपील असेल तर धुळे बघावे. तुमचा दावा १९२७ चा, तेव्हा अमळनेर पूर्व खानदेशात (आजचा जळगाव जिल्हा) होते.

एक गोष्ट आधी तपासा. सेकंड क्लास सबजज्जाला ५,००० रुपयांपर्यंतचेच दावे चालवता येत. घराणे मोठे आणि जमीन भरपूर असेल तर दावा फर्स्ट क्लास सबजज्जाकडे गेलेला असणार, म्हणजे अमळनेरच्या रजिस्टरात तो सापडणारच नाही.

फाईलमधले सगळे कागद सारखे जपले जात नाहीत. समन्स, वकीलपत्र, किरकोळ अर्ज लवकर नष्ट होतात. निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त टिकतात. अस्सल खते, पावत्या पक्षकार परत नेत, त्यामुळे त्या जागी कधी फक्त पोच असते.

नक्कल मागताना: तुम्ही पक्षकार नाही, तर अर्जासोबत कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडा. पुराव्यात दाखल झालेल्या कागदाची नक्कल हवी असेल तर तो दाखल करणाऱ्याची किंवा त्याच्या वारसाची संमती मागतात. ती आधीच लेखी घेऊन ठेवा. नक्कल अर्जावर खर्च भरायची तारीख पडते. ती चुकवली की अर्ज निकाली निघतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तापीतीर
वरचे सगळे बरोबर आहे, पण वाटपाच्या दाव्यात कोर्टाबाहेरही एक चांगली जागा आहे. सरकारी सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे वाटप कोर्ट स्वतः करत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली हुकूमनामा कलेक्टरकडे जातो आणि जमिनीची सरसनिरस (चांगली-वाईट) प्रत पाहून फाळणी तिकडे होते. त्यामुळे कोर्टाचा नंबर, हिस्से आणि कोणत्या सर्व्हे नंबरातून कोणाला काय दिले याचा कागद महसूल व भूमी अभिलेख कार्यालयात सापडू शकतो. "कोर्ट वाटप" म्हणून मागा. पुष्कळदा इथे कोर्टापेक्षा जास्त मिळते.

अपील हायकोर्टापर्यंत गेले असेल आणि निकाल रिपोर्टात छापला असेल तर निकालासोबत पुष्कळदा खालच्या कोर्टाचा दावा नंबर व साल दिलेले असते. मुंबई मालिकेतले इंडियन लॉ रिपोर्ट्स १८७६ पासून आहेत. त्यात इंग्रजी स्पेलिंगने शोधा. धुळ्याला "धुलिया" म्हणत.

नावांबद्दल. खानदेशात "पाटील" आडनावाने शोधायला गेलात तर निम्मे रजिस्टर हाती येईल. जुन्या कागदात ओळख म्हणजे स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव: "झिपरू वलद नथ्थू, रा. अमुक". "कोम" म्हणजे अमक्याची बायको. "अज्ञान, पालनकर्ती आई" असे दिसले की मुलगा तेव्हा १८ च्या आतला, आणि बहुधा बाप वारलेला. या दोन शब्दांवरून बापाच्या मृत्यूचे साल अंदाजे बांधता येते. जबानीच्या पहिल्या ओळीत वय, जात, धंदा, राहण्याचे गाव येते, तेही उतरवून घ्या. गावाचा तालुकाही जुनाच धरा. आजचे रावेर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावदा तालुक्यात होते, शिंदखेड्याकडचा भाग विरदेल तालुक्यात.

मोडीवाचक
जबान्या मोडीत असतील. निकालपत्र बहुतेक इंग्रजीत. मोडीत आधी शिरोरेषा ओढून शब्द सलग लिहीत, म्हणून शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकाराचा भेद पाळलेला नसतो. एकच नाव दोन पानांवर दोन तऱ्हेने वाचले जाते. म्हणून एका पानावर अडलात तर ते नाव त्याच फाईलमधल्या इंग्रजी निकालपत्रात कसे लिहिले आहे ते आधी बघा. अपूर्णांकात एक दंड म्हणजे पाव, दोन अर्धा, तीन पाऊण: १। म्हणजे सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. झेरॉक्सच्या काळ्या डागांत हे दंड सहज हरवतात आणि जमिनीचे माप चुकते. शके असेल तर ७८ मिळवा (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९). सावकाराच्या वहीत संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करा.

जुने_दप्तर
पाटीलकीचे वतन असेल तर त्याच्या वादासाठी दिवाणी कोर्ट शोधू नका. १८७४ च्या वतन कायद्याखाली ते प्रकरण महसुलाकडे चाले. वतन रजिस्टरात वंशावळ असते.

आणि वंशावळीवर डोळे झाकून विसंबू नये. दाव्यातली वंशावळ ही वादीची बाजू आहे. कैफियतीत (लेखी उत्तरात) प्रतिवादी तीच नाकारतो, एखादा मुलगा "दत्तक झालाच नाही" म्हणतो. मुद्द्यांवर न्यायाधीशाने काय ठरवले ते वाचल्याशिवाय नाव वंशवृक्षात घेऊ नका. वाद सुरू होण्याआधीचा कागद सापडला तर त्याचे वजन जास्त.

गिरणाकाठ
फार उपयोग झाला. फेरफारात हिस्से असे आहेत: दोन भावांच्या नावे प्रत्येकी २ आणे ८ पै, आणि त्यांच्या चुलत्याच्या नावे ५ आणे ४ पै. बेरीज १६ आणे होत नाही. लिहिणाऱ्याची चूक समजायची का?

तापीतीर
चूक समजू नका. १६ आणे म्हणजे पूर्ण मिळकत, १२ पै म्हणजे एक आणा. ५ आणे ४ पै म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा, २ आणे ८ पै सहावा. म्हणजे मूळ तीन भाऊ: एक चुलता, दुसरा वारलेला आणि त्याचा तिसरा हिस्सा दोन मुलांत वाटलेला. तुमची बेरीज १० आणे ८ पै होते, शिल्लक ५ आणे ४ पै. ती तिसऱ्या भावाची शाखा. एकत्र कुटुंबात वारलेल्याच्या, मुलगा नसलेल्या विधवेला त्या काळी पोटगीच मिळे, वाट्यात तिचे नाव येत नसे. म्हणून ही शाखा फक्त विधवा उरलेली धरता येत नाही, तसे असते तर हिस्से निम्मे-निम्मे पडले असते.

दुसरीही शक्यता आहे: तिसऱ्याचा हिस्सा कर्जात लिलाव झाला, सावकाराने तो घेतला आणि वाटपाचा दावा त्यानेच लावला. आपल्या मुंबई इलाख्यात एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्साही असा विकता येत असे. मग वादीच्या जागी पाटील शोधण्यात अर्थ नाही, रजिस्टरात सावकाराचे नाव बघा. लिलावाच्या सेल सर्टिफिकेटची नक्कल कोर्ट सबरजिस्ट्रारकडे पाठवी, ती पुस्तक १ मध्ये (स्थावर मिळकतीच्या दस्तांच्या पुस्तकात) लागते. तेव्हा १९२७ च्या मागची ५-१० वर्षे गावाच्या नावाने सूची २ (त्या दस्तांची गाववार सूची) तपासा. सर्टिफिकेटवर पैशाच्या दाव्याचा व दरखास्तीचा नंबर मिळेल, आणि त्याच सर्व्हे नंबरांवरून १९२७ चा दावा ओळखता येईल.