मदत हवी आहे: दादाच्या मित्रांना 'येऊ नका' कसं सांगू?

कृष्णाकाठची: दादा मंगळवारी घरी आला. बुधवारपासून सात वाजले की गल्लीच्या तोंडाशी बुलेट थांबते, दोनदा हॉर्न. दादा टीव्हीसमोरच बसून असतो, पण त्याचा पाय हलायला लागतो. आई दाराला आतून कडी घालते. २०१९ च्या पुरात याच पोरांनी आईला नावेत घालून सांगलीच्या गावभागातून बाहेर काढलं होतं. त्यांना काय तोंडानं सांगू? लवकर सांगा, सातला दोनच तास उरलेत.

हळदवाला: आला कुठून? दारू का गोळ्या? किती वर्षं?

कृष्णाकाठची: दारू. तेरा वर्षं. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात होता. वहिनी तासगावला माहेरी.

हळदवाला: वहिनींचं आत्ता सांगताय होय!

सातारकर: पुण्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासून. आमच्या साताऱ्यात परिवर्तन आहे. तिकडं हलवा.

हळदवाला: अहो, केंद्रातूनच आलाय तो. वाचा की.

रोखठोक: दारू सोडायची गोळी मिळते. चहात चुरून द्या, कळतसुद्धा नाही.

मिरजेची सून: असलं काही करू नका! ती गोळी, म्हणजे डायसल्फिराम, पोटात असताना दारू प्यायली की बीपी पडतं, छाती धडधडते, जीवही जातो. आमच्या यांना डॉक्टरांनी सगळं सांगून दिली होती. रोज सकाळी माझ्यासमोर गिळायचे.

रोखठोक: आमच्या चुलत्याला काही झालं नाही.

मिरजेची सून: नशीब त्यांचं.

वारकरी: माळ घाला गळ्यात. सुटते.

हळदवाला: माळ खुंटीला अडकवून पिणारे पाहिलेत आम्ही.

वारकरी: एकट्यानं घातली की तसंच होतं. दिंडीत चालणारा एक दिवस दिसला नाही तर वीस जण घरी येऊन विचारतात.

नऊ वर्षं कोरडा: मित्र तोडा म्हणणं सोपं आहे. सात ते नऊ त्यानं करायचं काय? १९३५ मध्ये बिल डब्ल्यू. परगावी एकटा होता, प्यायची हुक्की आली, तर त्यानं फोन करकरून दुसरा दारुडा शोधला. तो डॉक्टर बॉब. दोघं बोलत बसले, त्यातनं एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, ही दारुड्यांनी एकमेकांना सावरायची संघटना उभी राहिली. मीही तल्लफ आली की आधी फोन लावतो. सातला त्याला एएच्या मीटिंगला न्या. तुमच्यासाठी नातेवाइकांची अल-अनॉन आहे. व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनला, १४४४६ ला फोन करा, पैसे पडत नाहीत.

तंबाखूग्रस्त: माझी मिश्री सुटत नाही, त्यावर काही?

सातारकर: नवीन धागा काढा. बाकी सांगलीकर, पुण्याला न्यायला भडंग कुठलं घेऊ?

कृष्णाकाठची: बुलेटवाल्याला मीच फोन केला. म्हणाला, "ताई, आम्ही आपणहून येत नाही. साडेसहाला त्याचा मिस्ड कॉल येतो." आत्ता सव्वासहा झालेत. दादाचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला आहे, आणि तो दोनदा पाणी प्यायला उठला.

नऊ वर्षं कोरडा: फोन लपवू नका. माझा नंबर तुम्हाला खासगी निरोपात पाठवतो, तो त्याच्या हातात द्या.