जळकं ऑइल फाळक्याला नको

दादा, तुम्ही वर लिहिलं की पावसाळ्याआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला जळकं ऑइल (इंजिनमधून काढलेलं जुनं तेल) फासलं की वर्षभर बघायला नको. चासीला खालून ठीक आहे, पण फाळक्याच्या, म्हणजे ट्रॉलीच्या उघडणाऱ्या बाजूच्या, बिजागऱ्यांना मी ते बंद केलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, ऑइल ओघळतं, उरलेल्यावर काळ्या मातीचा फुफाटा चिकटतो आणि पिन पॉलिश पेपरने घासल्यासारखी झिजते. शिवाय फाळक्याला लागलेल्या कापसावर काळे डाग. जिनिंगवर त्यावरून भाव पाडला तेव्हा डोळे उघडले!

आता बिजागरीला आधी तारेचा ब्रश, मग कोरडी ग्रॅफाइट पावडर. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) पिनांना निपलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या तोटीतून, ग्रीसगन, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. चाकाचं बेअरिंग मात्र हब खोलून, घासलेटने धुऊन, वाळवून हातानेच भरा. ट्रॅक्टरला जोडायच्या हुकाला थोडं ग्रीस पुरे. टायरला तेल-ग्रीस लागू देऊ नका, रबर फुगतं.

आणि युरियाची खेप टाकली की ट्रॉली त्याच संध्याकाळी धुवायची. माझ्या ट्रॉलीचा तळ खतानेच खाल्ला, पावसाने नाही.